पुराजीवचित्रण

नामशेष झालेल्या प्राण्याचे जीवाश्मांच्या पुराव्यावरून काढलेले चित्र म्हणजे पुराजीवचित्र. इथली प्रत्येक रेघ कशाच्या आधारावर ओढली, हे चित्रकाराला सांगता आले पाहिजे. सोलापूर परिसर लाव्हाच्या काळ्या खडकावर वसलेला असल्याने डायनासोरच्या हाडांसाठी इथल्या चित्रकाराला शोधनिबंध आणि दूरची संग्रहालयेच धुंडाळावी लागतात. मात्र जिवंत प्राण्यांचा अभ्यास करायला सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानासारखी जागा नाही.

सुरुवात हाडांपासून होते. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावला सापडलेला इसिसॉरस हा लांब मानेचा शाकाहारी डायनासोर. त्याचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सध्याचे नाव त्याला २००३ मध्ये मिळाले. मणके, बरगड्या, कमरेची आणि पुढच्या पायाची हाडे हाती आली, पण कवटी आणि मागचे पाय मिळाले नाहीत. प्रसिद्ध झालेल्या मापांवरून आधी बाजूने दिसणारा पूर्ण सांगाडा काढतात. न मिळालेला भाग जवळच्या जातींवरून भरतात आणि वेगळ्या छटेत दाखवतात. शेपूट जमिनीवर टेकवत नाहीत, कारण डायनासोरच्या पाऊलवाटांच्या जीवाश्मांत ती फरफटल्याची खूण क्वचितच दिसते.

सांगाड्यावर स्नायू चढतात. ते कुठे जोडलेले होते, हे हाडांवरच्या खडबडीत खुणांवरून कळते. बाकीचा आधार मगर आणि पक्षी या आज हयात असलेल्या दोन जवळच्या नातेवाइकांचा. जे दोघांतही आढळते, ते डायनासोरमध्येही असण्याची शक्यता मोठी.

खरी कसोटी मऊ अवयवांची. माळढोकाचा नर विणीच्या काळात गळ्याची पिशवी हवेने फुगवतो. ती छातीखाली लोंबते, शेपटीची पिसे उभी राहतात आणि सारा पक्षीच ओळखू येईनासा होतो. त्याचा नुसता सांगाडा पाहून हे कुणाच्याही ध्यानात आले नसते. म्हणून कवटीवर कातडे ताणून बसवलेले हाडकुळे डायनासोर काढणे ही सावधगिरी नव्हे, ती चूकच आहे. चरबी, गळ्याखालची लोंबती कातडी, तुरा यांना जागा ठेवावी लागते, मात्र नातेवाइकांत दिसते त्या मर्यादेत. नान्नजला माळढोक दिसणे आता दुर्मिळ झाले आहे, ही पक्षिनिरीक्षकांइतकीच या चित्रकारांचीही हानी आहे.

रंग पूर्वी निव्वळ अंदाजाने भरत. २०१० मध्ये चीनमधील सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनासोरच्या पिसांसारख्या तंतूंत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण ओळखले गेले आणि त्याच्या शेपटीवर तांबूस व फिके पट्टे होते असा निष्कर्ष निघाला. २०१६ मध्ये सिटॅकोसॉरस या डायनासोरची पाठ गडद आणि पोट फिके असल्याचे दिसले. अशी रंगसंगती प्राण्याला लपायला मदत करते. रंगाचा पुरावा नसलेल्या प्राण्यासाठी नान्नजचा काळवीट सकाळी, भर दुपारी आणि ढगाळ हवेत पाहावा. पांढरे पोट सावलीला कसे पुसते ते नुसत्या छायाचित्रातून उमगत नाही.

पार्श्वभूमीत मात्र सोलापूरच्या चित्रकाराने सोलापूर विसरलेले बरे. डोळ्यांसमोरचे कुसळी गवताचे मोकळे माळ डायनासोरच्या काळात नव्हते. असे विस्तीर्ण गवताळ प्रदेश फार नंतर आले. गवत मात्र होते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील जीवाश्म विष्ठेत त्याचे सूक्ष्म सिलिका कण असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा इसिसॉरसच्या पायांशी गवताचे थोडे झुबके काढता येतात, क्षितिजापर्यंतची कुरणे नाहीत. दख्खनच्या लाव्हाचे बहुतांश थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि डोंगरगावच्या हाडांचे थर साधारण त्याच सुमाराचे, म्हणून दूरवर ज्वालामुखीचा धूर दाखवणे गैर नाही.

कच्चे रेखाटन पुराजीवशास्त्रज्ञाला दाखवून दुरुस्त करतात आणि मगच जलरंग, गुआश (अपारदर्शक जलरंग) किंवा संगणकावर अंतिम चित्र होते. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उभारलेल्या इग्वानोडॉन या डायनासोरच्या पुतळ्याच्या नाकावर शिंग बसवले होते. १८७८ मध्ये बेल्जियममध्ये बरेच सांगाडे मिळाले, तेव्हा ते अंगठ्याचे हाड असल्याचे स्पष्ट झाले. म्हणून चित्राच्या पाठीमागे तारीख आणि वापरलेल्या हाडांची यादी लिहून ठेवावी.