सिगारेटची व्यापारचिन्हे आणि त्यांची मालकी

एका उत्पादकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखता यावा म्हणून वापरलेले नाव, चित्र किंवा रंगसंगती म्हणजे व्यापारचिन्ह. भारतात सिगारेटच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्याने मनाई आहे आणि २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असतो. त्यामुळे या धंद्यात उरलेल्या पट्टीवरच्या नावाला असाधारण मोल आले आहे. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या टपरीत गिऱ्हाईक ‘छोटी गोल्ड’ (म्हणजे आखूड गोल्ड फ्लेक) किंवा ‘फोर स्क्वेअर’ एवढेच मागते. पहिले चिन्ह आयटीसीचे आणि दुसरे गॉडफ्रे फिलिप्सचे, हे सांगायची वेळ सहसा येत नाही. सुट्या सिगारेटच्या विक्रीवर महाराष्ट्राने २०२० मध्ये बंदी घातली. पाकिटाबाहेर काढलेल्या कांडीवर तर फिल्टरजवळ छापलेले नावच काय ते ओळख पटवते.

चिन्हाची मालकी देशापुरती असते. ‘मार्लबोरो’ भारतात फिलिप मॉरिसच्या परवान्याने गॉडफ्रे फिलिप्स बनवते, तर कॅनडात त्याच नावाचा हक्क प्रतिस्पर्धी इम्पिरियल टोबॅकोकडे आहे. भारतात १९९९ च्या कायद्यानुसार नोंदणी दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण करत ती कितीही काळ टिकवता येते. साताऱ्यातून केलेला अर्ज मुंबईच्या नोंदणी कार्यालयाच्या अखत्यारीत येतो.

चिन्ह नेमके कोणाची ओळख सांगते, हा प्रश्न ‘गोल्ड फ्लेक’वरूनच प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, गेला होता. विल्स या कंपनीच्या इंग्लंडमध्ये बनलेल्या अस्सल सिगारेटी दुसऱ्या व्यापाऱ्याने भारतात विकल्या, तेव्हा येथील इम्पिरियल टोबॅको कंपनीने (आजच्या आयटीसीने) हरकत घेतली. माल खरा आहे आणि नाव आयात करणाऱ्याची नव्हे तर मूळ उत्पादकाची ओळख देते, या आधारावर १९२४ मध्ये ती हरकत टिकली नाही. पुढे कलकत्ता उच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ‘सिमला’ या नावाची सिगारेटसाठी नोंदणी नाकारली. गावाचे प्रसिद्ध नाव एकट्या कंपनीच्या ताब्यात जाऊ नये, हा त्यामागचा विचार योग्यच होता. कंदी पेढ्यांसाठी नावाजलेल्या साताऱ्यालाही तो पटेल. आयटीसीने आपल्या वेलकम हॉटेलांच्या चिन्हाशी मार्लबोरोचे ज्वालाचिन्ह मिळतेजुळते असल्याची तक्रार केली, पण हॉटेल आणि सिगारेट यांत गिऱ्हाइकाच्या मनात दुवा जोडला जातो हे दाखवता न आल्याने दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मनाईहुकूम दिला नाही.

कायद्याने मिळालेली मालकी लोकभावनेपुढे अपुरी पडते, याचे जवळचे उदाहरण बिडीचे आहे. ‘संभाजी बिडी’ हे नाव वर्षानुवर्षे चालत आले होते, परंतु छत्रपती संभाजी महाराजांच्या नावाने तंबाखू विकली जाण्याला शिवप्रेमींनी सातत्याने विरोध केला आणि २०२० मध्ये कंपनीने ते बदलून ‘साबळे बिडी’ करण्याचे जाहीर केले. छत्रपतींची राजधानी राहिलेल्या साताऱ्यात हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही.

खोटे चिन्ह लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. असा माल विकणाऱ्यालाही हीच शिक्षा आहे. मात्र आपण पुरेशी काळजी घेतली होती, शंकेला जागा नव्हती आणि माल कोणाकडून घेतला हे विचारताच सांगितले, असे सिद्ध केल्यास टपरीवाला सुटतो.