फिटच्या गोळीनेच फिट वाढते तेव्हा

फिट आली की 'मेंदूत करंट जास्त झाला' असं आपण सरसकट बोलतो, पण कधीकधी मूळ बिघाड करंट वाढवणाऱ्या पेशींत नसतोच, तो आवरणाऱ्या पेशी कमी पडलेल्या असतात. ड्रावेट सिंड्रोम बघा. फ्रेंच डॉक्टर शार्लट ड्रावे यांनी १९७८ मध्ये याचं वर्णन केलं. पाच-सहा महिन्यांचं चांगलं हसतं-खेळतं बाळ, तापात फिट येते, कधीकधी अर्धा तास थांबत नाही, आणि पुढे ताप नसतानाही येत राहते.

२००१ मध्ये कळलं की यात एससीएन१ए या जीनमध्ये बिघाड असतो. तो बहुतेक वेळा बाळातच नव्याने झालेला असतो, त्यामुळे 'तुमच्या माहेरी कोणाला होतं का' ही चौकशी इथे अगदी फुकटची.

हा जीन न्यूरॉनवरचा (म्हणजे मेंदूतल्या पेशीवरचा) एक सोडियम चॅनेल, म्हणजे सोडियम आत सोडणारं दार, बनवतो. न्यूरॉन आतून साधारण उणे ७० मिलिव्होल्टवर बसलेला असतो, चॅनेल उघडले की सोडियम आत घुसतं आणि मिलिसेकंदभरात सिग्नल पुढे सुटतो. जीनच्या दोनपैकी एक कॉपी बाद, म्हणजे हे चॅनेल जवळपास निम्मेच. मग सिग्नल कमी व्हायला हवेत ना, फिट कशाला येईल?

२००६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात उत्तर मिळालं. मेंदूच्या बाहेरच्या थरात पाचातला साधारण एक न्यूरॉन गाबा नावाचं रसायन बाहेर सोडतो आणि बाकीच्यांना गप्प बसवतो, आणि या गप्प बसवणाऱ्यांतलेच बरेच जण फार भराभर सिग्नल सोडत असल्यामुळे नेमके याच चॅनेलवर जास्त अवलंबून असतात. तेच ढेपाळले की बाकीच्यांना रान मोकळं.

आता गंमत म्हणा किंवा वैताग, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही फिटची नेहमीची औषधं सोडियम चॅनेलच अडवतात. इतर कित्येक पेशंटना त्याने छान फरक पडतो, इथे मात्र आधीच दमलेल्या पेशी आणखी दबतात आणि फिट वाढू शकतात. म्हणून ड्रावेटमध्ये व्हॅलप्रोएट, गाबाचा परिणाम वाढवणारं क्लोबाझाम अशी औषधं देतात. (हे वाचून घरची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका हं, अचानक बंद केल्यानेही मोठी फिट येऊ शकते.)

अमेरिकेत २०२० मध्ये फेनफ्लुरामिनलाही परवानगी मिळाली. हे वजन कमी करायचं जुनं औषध, हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून १९९७ मध्ये बाजारातून काढलेलं. आता डोस कमी असतो, पण मुलांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) मात्र ठरलेल्या वेळी करावाच लागतो.