बंद ठेवलेल्या गाडीतील पेट्रोल : गावी येण्याआधी वाचावे

आमच्या गॅरेजच्या अनेक ग्राहकांचे वास्तव्य मुंबई-पुण्यात असते आणि गावच्या घरी ठेवलेली त्यांची गाडी गणपती, शिमगा व मे महिना एवढ्यापुरतीच बाहेर निघते. चतुर्थीच्या तोंडावर त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची तक्रार एकच असते : बॅटरी चार्ज केली, सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन पकडत नाही, किंवा सुरू होऊन धक्के खाते. अशा वेळी टाकीतील जुन्या पेट्रोलवर आमचा पहिला संशय असतो.

पेट्रोलमधील हलके घटक आधी उडून जातात आणि थंड इंजिन चटकन सुरू होते ते त्यांच्यामुळेच. उरलेल्या पेट्रोलचा हवेशी संयोग होत राहून हळूहळू चिकट गाळ तयार होतो. त्यातच आता पंपावर मिळते ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणातील पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी तीन-चार महिने उभी राहिली आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले, की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात, जड असल्याने तळाशी बसतात, आणि फ्युएल पंप तर तळातूनच ओढतो.

आमची कळकळीची विनंती आहे ती पुढील चुकीबाबत. गाडी सुरू होत नाही असे दिसताच कॅनमधून पाच-दहा लिटर नवे पेट्रोल टाकीत ओतले जाते, बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला जातो आणि त्यानंतर आम्हाला फोन येतो. तळाशी बसलेले पाणी नव्या पेट्रोलने नाहीसे होत नाही. उलट चांगले पेट्रोलही वाया जाते, उपसायचे पेट्रोल वाढते, नमुना पाहून निदान करणे अवघड होते आणि गाळ फिल्टरमधून पुढे इंजेक्टरपर्यंत (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागापर्यंत) ओढला जाण्याचा धोका वाढतो. जे काम एरवी टाकी रिकामी करण्यावर भागले असते, त्यात मग इंजेक्टरची सफाई आणि कधी पंप बदलणेही येते. त्यामुळे दोन-तीनदा सेल्फ मारूनही गाडी सुरू न झाल्यास कृपया तेथेच थांबावे.

“नळी घालून पेट्रोल काढायचे, त्याला एवढी मजुरी कशी?” असे आम्हाला विचारले जाते. अनेक नव्या गाड्यांच्या टाकीच्या तोंडाशी अडथळा असल्याने नळी आत जात नाही. मागील सीटखालून पंप काढावा लागतो, काही गाड्यांची तर टाकीच उतरवावी लागते. हे काम आम्ही घराच्या पडवीत किंवा बंद शेडमध्ये करत नाही, कारण पेट्रोलची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते. काढलेला नमुना आम्ही काचेच्या बरणीत ग्राहकाला दाखवतो. पाणी सुटले असल्यास दोन थर उघड दिसतात. ते पेट्रोल गाळून पुन्हा टाकीत भरण्याचा आग्रह मात्र आम्ही मान्य करत नाही.

परत जाताना टाकी पंपाच्या नोझलचा ऑटो-कट होईपर्यंत भरावी, म्हणजे आत हवा आणि तिच्यासोबत येणारा ओलावा कमी राहतो. त्यानंतर आणखी भरून घेऊ नये, कारण जादा पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरते. गाडी दोन महिन्यांहून अधिक उभी राहणार असेल, तर ताज्या पेट्रोलमध्ये फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर बिघडू न देणारे द्रव्य) घालून दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवावी, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोहोचते. बिघडलेले पेट्रोल मात्र त्याने सुधारत नाही. शेजाऱ्यांनी अंगणात पाच मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने फारसे काही साधत नाही. पंधरवड्यातून एकदा गाडी वीसेक किलोमीटर फिरली, तर बॅटरी, टायर आणि ब्रेक यांनाही त्याचा फायदा होतो.

स्टॅबिलायझर आमच्याकडे टाकीच्या मापाने मिळते. ज्यांच्या घरी गाडी फिरवणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी किल्ली ठेवून घेऊन पंधरवड्याच्या फेरीची सोयही आहे. गणपतीपूर्वीची तपासणी हवी असल्यास नागपंचमीपर्यंत कळवावे, आणि किल्ली शेजाऱ्यांकडे असल्यास त्यांना आमच्या माणसाच्या येण्याची कल्पना देऊन ठेवावी.