खिडकीतला उजेड संगणकाला का छळतो?

दुपारी दिवे बंद असले तरी कपाटाआडची भिंत आपल्याला दिसते. तिथून ना सूर्य दिसतो, ना आभाळ. तिच्यावर पडलेला उजेड आधी फरशीवर, मग छतावर, पडद्यावर आपटत तिथवर आलेला असतो. संगणकावर खोलीचे हुबेहूब चित्र काढताना खरी कसोटी लागते ती या फिरून आलेल्या उजेडाची.

थेट उन्हाचे गणित त्या मानाने सरळ आहे. सूर्य आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून खिडकीच्या गजाच्या सावलीची कड एक मीटर अंतरावर सुमारे ९ मिलिमीटर पुसट होते. एवढे सांगितले की ऊन जमले.

परावर्तित उजेडासाठी १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी भिंतींचे तुकडे पाडून कोणता तुकडा कोणाला किती उजेड देतो, याचा हिशेब मांडला. रंगीत भिंतीची छटा शेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागावर उतरलेली त्या चित्रांत दिसली. दोनच वर्षांनी जेम्स काजिया यांनी सगळ्या प्रकाशव्यवहाराचे एकच समीकरण दिले आणि ते सोडवण्याची ‘पाथ ट्रेसिंग’ ही पद्धतही. यात किरण उलटे सोडतात: कॅमेऱ्यातून निघायचे, भिंतीवर आपटायचे, तिथून कुठल्यातरी दिशेला जायचे आणि उजेडाचा उगम सापडतो का ते पाहायचे.

गोची इथेच आहे. एक चौरस मीटरची खिडकी चार मीटरवरून, अगदी समोरून पाहिली, तरी भिंतीपुढच्या सर्व दिशांपैकी जेमतेम १ टक्का व्यापते. म्हणजे स्वैर सोडलेल्या शंभर किरणांतला एखादाच तिच्यातून बाहेर पडतो. बाकीचे खोलीतच भटकतात. एखाद्या ठिपक्याला दोन किरण लाभतात, शेजारच्याला एकही नाही, आणि चित्रावर रवाळ डाग उमटतात. ते निम्मे करायचे तर चौपट किरण लागतात. त्यावरचा एक उपाय मला फार आवडतो, कारण त्यात हिशेबाला धक्का लागत नाही: खिडकीच्या चौकटीत एक अदृश्य आयत ठेवून ‘आभाळ या बाजूला आहे’ असे संगणकाला सांगायचे. त्याला ‘पोर्टल’ म्हणतात. खिडकीला काच मात्र अनेकजण लावतच नाहीत. काचेत वाकणारा किरण नेमका सूर्यापर्यंत पोहोचवणे फारच महाग पडते.

पांढरी खोली तर आणखी जड जाते. निम्मा उजेड परतवणाऱ्या भिंतींमध्ये चार टप्प्यांनंतर सुमारे ६ टक्केच उरतो, तिथे थांबले तरी चालते. पण ८० टक्के परतवणाऱ्या चुन्याच्या भिंतींत तेवढ्याच टप्प्यांनंतर ४१ टक्के शिल्लक असतो. तिथे हिशेब लवकर थांबवला की कोपरे काळवंडतात. मग हौशी कलाकार सूर्यच वाढवतात आणि फरशी जळून पांढरी होते!

हल्ली थोडेच किरण सोडून उरलेले रवे न्यूरल नेटवर्ककडून पुसून घेतात. जाहिरातीच्या चित्राला ते पुरते. पण वर्गातल्या शेवटच्या बाकावर किती लक्स उजेड पोहोचेल, असे वास्तुरचनाकार विचारतो तेव्हा अंदाजाने गुळगुळीत केलेले चित्र कामाचे नाही. त्यासाठी ग्रेग वॉर्ड यांनी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत घडवलेली ‘रेडियन्स’ ही प्रणाली आजही वापरतात. तिची चित्रे कधीकधी रुक्ष दिसतात, पण त्यातल्या प्रत्येक ठिपक्यामागे प्रकाशाचे भौतिक माप असते.