कूलर हात टेकतो तेव्हा

मार्चमध्ये माळ्यावरून कूलर खाली येतो, वाळ्याच्या जुन्या ताट्या फेकून नव्या बसवल्या जातात आणि नागपूरचा उन्हाळा रीतसर सुरू होतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असले, तरी वाळ्याचा वास आणि गार झोत यांवर दुपार निघून जाते. कूलर खरा हात टेकतो तो जूनमध्ये. चार सरी पडतात, पारा ३८ वर उतरतो, पेपरात ‘दिलासा’ असा मथळा येतो आणि घरात मात्र अंग चिकचिकतं, गादी ओली होते, झोप येत नाही. पारा सात अंशांनी उतरला, मग हा जाच वाढला कसा?

कूलर हे खरं तर एक मापनयंत्र आहे. ताटीवरचं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून झोत गार लागतो. हवा कोरडी असेल तर वाफ झपाट्याने होते. मुळात बाष्पाने भरलेली असेल, तर पाणी ताटीवरच राहतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून हवेत धरलं की जो आकडा मिळतो, त्याला आर्द्र तापमान म्हणतात. कूलर कितीही भारी असला तरी झोत त्याच्या खाली जात नाही. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा साधारण २४ येतो. ३८ अंश आणि ६० टक्क्यांना तो ३१ वर जातो. उतरलेल्या पाऱ्यामागे चढलेला आकडा लपलेला असतो, तो असा.

आपलं शरीरही याच तत्त्वावर चालतं. एक लिटर घाम अंगावरून वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता गळला, तर काहीच नेत नाही. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. त्यामुळे आर्द्र तापमान ३५ झालं, तर सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊन बसलेला माणूसही काही तासांत कोसळेल, असं २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. पुढे तरुण, निरोगी माणसांवर प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या, तेव्हा दमट हवेत शरीराची पकड ३१ च्या आसपासच सुटू लागते असं दिसलं. उन्हात विटा वाहणाऱ्याची किंवा साठी उलटलेल्याची मर्यादा त्याहून खाली असणार.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भर उन्हात कार्यक्रम झाला आणि उष्माघाताने १४ जण दगावले. कमाल तापमान होतं ३८ च्या आसपास. नागपूरकर एप्रिलमध्ये ३८ ला उन्हाळा म्हणायलाही तयार नसतो!

आकड्यांचा आपल्याला थोडा अभिमानच आहे. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झाले, ते अजून सांगितले जातात. ३० मे २०२४ ला एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ दाखवले आणि देशभर चर्चा झाली. नंतर कळलं की संवेदकच बिघडला होता. कोरडे ४५ अंश निरुपद्रवी आहेत असं मुळीच नाही. त्यांनीही माणसं मरतात. पण त्यांच्याशी लढायला आपल्याकडे कांदा, पन्हं, दुपट्टा आणि कूलर आहे. दमट उकाड्यासाठी आजीच्या बटव्यात फारसं काही नाही.

१९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. जगाच्या मानाने कमी, म्हणून हुश्श करू नये. हवेतल्या धूलिकणांनी आणि वाढलेल्या ओलिताने ही वाढ काही प्रमाणात झाकली आहे. आणि ओलीत पारा उतरवतं ते वाफेच्याच वाटेने, म्हणजे हवेत बाष्प सोडून.

तापलेली हवा दर अंशामागे सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते कुठे तरी रिकामं होतंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. एका पावसाचं खापर थेट हवामान बदलावर फोडता येत नाही, नदीकाठची बांधकामं त्यात आहेतच. पण असे पाऊस वाढण्याची दिशा याच भौतिकशास्त्रातून येते.

काटोल-नरखेडच्या संत्राबागांना दुसराच घोर आहे. मृग बहरासाठी मे महिन्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात. मग पावसावर फुलं फुटतात. मेमध्येच अवकाळी बरसला की ताण मोडतो, बहर विखुरतो. थोडा आधी, थोडा नंतर, आणि बराचसा येतच नाही.

शहरात सिमेंटचे रस्ते आणि स्लॅब दिवसभर ऊन पितात व रात्री परत सोडतात. त्यात आर्द्रता असली की बाष्प ती उष्णता आकाशाकडे सहज निसटू देत नाही. पूर्वी गच्चीवर पाणी शिंपडून झोपायचे, तेव्हा पहाटे तरी शरीराला उसंत मिळायची. ती उसंत गेली की दुसऱ्या दिवशीचं ऊन थकलेल्या हृदयावर पडतं.

सपाट प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर व्हायला पारा किमान ४० वर जावा लागतो. उष्ण-दमट हवेचा वेगळा इशारा अलीकडे मिळू लागला आहे, पण बातमीत ठळक छापला जातो तो कमाल तापमानाचाच आकडा. म्हणजे जूनअखेरच्या त्या ३८ अंशांच्या, कूलर बंद करून बसलेल्या दिवशी नागपुरात लाट नसते, दिलासा असतो.