उंबराला फुलं येतात, तीही शेकड्यांनी

‘उंबराचं फूल दिसलं की नशीब उघडतं’ असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. फळातली चिलटं म्हणजे कीड, असंही. दोन्ही चूक. आपण फळ म्हणतो ती आतून फुलांनी गच्च भरलेली बंद पिशवी आहे. तिच्या तोंडाच्या बारीक छिद्रातून या ‘चिलटां’ची जेमतेम 2 मिलिमीटरची मादी, गांधीलमाशीची दूरची नातलग, आत घुसते. घुसताना बहुधा पंख तुटतात. ती परागण करते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्याविना उंबराला बी धरत नाही. तिला कीड म्हणणं अन्यायाचंच.

खरी परजीवी म्हणजे ॲपोक्रिप्टा नावाची दुसरी माशी. ती बाहेरूनच सुईसारखा लांब अवयव फळाच्या भिंतीत खुपसून अंडी घालते आणि तिच्या अळ्या आतल्या इतर अळ्यांच्या जिवावर वाढतात. उंबर ऑस्ट्रेलियातही आहे, पण तिथली परागण करणारी माशी आपल्याकडची नव्हे.