मैत्रिणीची ऑटिझम तपासणी: अर्ज नेमका कुठे अडतो

"मला ऑटिझम असेल का गं?" असं मैत्रिणीने विचारलं, की आपण आधी ऑनलाइन प्रश्नावली उघडतो. उघडा, हरकत नाही. पण त्यातल्या गुणांचा स्क्रीनशॉट तेवढा जोडून तपासणी केंद्राकडे अर्ज केला आणि तो परत आला, हे मी इतक्यांदा पाहिलंय की सुरुवात तिथूनच करते.

एक्यू-१० या ऑटिझमच्या प्रश्नावलीत दहा प्रश्न असतात. ६ किंवा जास्त गुण म्हणजे पुढची तपासणी करून घ्यावी, एवढंच. मूळची ५० प्रश्नांची एक्यू २००१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी तयार केली, तीसुद्धा चाळणीच. त्यामुळे अर्जात गुण एका ओळीत लिहा आणि रोजच्या आयुष्यातली उदाहरणं पानभर. "गर्दीत त्रास होतो" असं मोघम नको. "मीटिंगनंतर अर्धा तास अंधाऱ्या खोलीत बसावं लागतं, आठवड्यातून तीनदा" असं लिहा. अर्ज आणि सही तिचीच. तिला न सांगता तिच्या वतीने चौकशीही करू नका.

पात्रतेत वयाची अट नाही. डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका, २०१३) नुसार सामाजिक संवादाच्या तिन्ही बाबतींत (बोलण्यातली देवाणघेवाण, नजर-हावभाव, नाती जोडणं-टिकवणं) अडचण हवी आणि त्याच त्या हालचाली किंवा बोलणं, ठरलेला क्रम, एकाच विषयाची तीव्र ओढ, आवाज-स्पर्शाबद्दलची वेगळी संवेदना या चारपैकी किमान दोन गोष्टी हव्यात. हे सगळं लहानपणापासूनचं असावं आणि त्याने जगण्यात खरोखर अडथळा येत असावा. "नोकरी करता, डोळ्यांत बघून बोलता, मग कसला ऑटिझम?" हा निकष कुठेही छापलेला नाही, तरी खिडकीवर ऐकवला जातोच. एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि चंचलता यांच्याशी संबंधित अवस्थेचं) निदान आधीच झालंय म्हणून कुणी परत पाठवलं, तर शांतपणे सांगा की दोन्ही निदानं एकत्र देता येत नाहीत हा नियम २०१३ सालीच गेला. (ऑटिझमसाठीचा आपला 'स्वमग्नता' हा शब्दही थोडा घात करतो. दिवसभर इतरांकडे बघून कसं वागायचं ते उचलणारी बाई स्वतःत मग्न कशी दिसणार?)

आता कुणाकडेच नसलेला कागद: लहानपणाचा पुरावा. एडीआय-आर ही पालकांची मुलाखत ९३ प्रश्नांची असते आणि तिचा बराच भर चार ते पाच वर्षांच्या वयावर असतो. तिशी-चाळिशीतल्या बाईची आई एवढं काय काय आठवणार! माझ्या मैत्रिणीच्या आईने ठासून सांगितलं, "काही त्रास नव्हता हो, फार शांत मुलगी." दोन प्रश्नांनंतर कळलं की ही शांत मुलगी बटणांचा डबा घेऊन तासन्‌तास रंगांप्रमाणे रांगा लावायची, आणि कुणाचा पाय लागून रांग मोडली की संध्याकाळभर रडायची. आईच्या लेखी तो त्रास नव्हताच. म्हणून घरी "काही वेगळं होतं का?" असं विचारूच नका. कपड्यांचं लेबल टोचायचं का, बोट करून वस्तू दाखवायची का, खोटंखोटं खेळायची का, असं एकेक विचारा.

शाळेची प्रगतिपुस्तकं सापडली तर उत्तम. पण लोक गुणांच्या पानाची झेरॉक्स जोडतात आणि शेऱ्यांचं पान घरी ठेवतात! "हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही" ही एक ओळ गणितातल्या नव्वद गुणांपेक्षा कामाची. आईवडील नसतील तर भावंडं, मावशी, आत्या, शाळेतली मैत्रीण चालते. कुणीच नसेल तर तो रकाना रिकामा सोडू नका. "माहिती देणारं कोणी उपलब्ध नाही" असं लिहा आणि तिच्या स्वतःच्या आठवणी वयासकट जोडा. रिकामा रकाना म्हणजे अपूर्ण अर्ज, आणि अपूर्ण अर्ज म्हणजे पुन्हा रांगेच्या शेवटी.

मुदतीचंही तसंच. केंद्राने कागद किंवा उत्तर मागणारं पत्र पाठवलं, तर ते हातात पडल्याच्या दिवसापासून दिवस मोजू नका, पत्रावरच्या तारखेपासून मोजा. आणि ती तारीख उत्तर पाठवण्याची आहे की पोहोचण्याची, ते वाचा. फॉर्म आणि फोन यांनीच ज्यांची दमछाक होते, त्यांच्यासाठी ही व्यवस्था कुणी आखली असेल, देव जाणे. तारीख तुमच्याही कॅलेंडरवर टाका.

प्रत्यक्ष तपासणी म्हणजे मुलाखत आणि बहुधा एडीओएस-२ (तज्ज्ञ काही कामं आणि गप्पा करवून वागणं टिपतात ती चाचणी). तिथे काय करायला सांगतात याचा सराव मात्र करून घेऊ नका. आधीच आयुष्यभर पाठ करून वागणारी बाई तिथेही पाठ केलेलंच दाखवते आणि "तसं काही दिसलं नाही" असा शेरा घेऊन येते. चांगलं दिसण्यासाठी किती कष्ट पडतात आणि घरी गेल्यावर काय होतं, ते तिने लिहूनच न्यावं. तुम्ही सोबत जाणार असाल तर तुम्ही पाहिलेलं तेवढंच सांगा.

अहवाल मनोविकारतज्ज्ञाच्या किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या सहीचा हवा. नुसतं समुपदेशकाचं पत्र बहुतेक ठिकाणी निदान म्हणून धरत नाहीत. हातात आल्यावर तिथेच वाचा: निदान कोणत्या निकषांनुसार, आणि "लक्षणं आढळली" असं लिहिलंय की स्पष्ट निदान दिलंय. नुसती लक्षणं असतील तर नेमका कोणता निकष पूर्ण झाला नाही, ते लेखी मागून घ्या. दुसरं मत घ्यायला गेलात की पहिल्यांदा तोच कागद मागतील.